बाळाला खरंच 'पित्त' झालंय का? थेंबांची बाटली उघडण्याआधी विचारायचा प्रश्न

ऑक्टोबर २०२५ पासून माझ्या दवाखान्यात एक नवी पद्धत पडली आहे. आई-बाबा मुलाला घेऊन येतात आणि बसल्याबसल्या पिशवीतून घरातल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या काढून टेबलावर मांडतात. "मॅडम, यातलं कुठलं दिलं तर चालेल?" कारण सगळ्यांना माहीत आहे. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या भेसळयुक्त सिरपमुळे वीसहून अधिक मुलं दगावली. त्यातल्या बऱ्याच मुलांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं विषारी रसायन सापडलं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच महिन्यात सूचना काढली की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती साधारणपणे नकोत.

टेबलावरच्या बाटल्यांमध्ये खोकल्याचं औषध असतंच. पण घरात तान्हं बाळ असेल, तर आणखी एक छोटी बाटली हमखास निघते. तिला घरात 'पित्ताचे थेंब' म्हणतात. बाळ दूध बाहेर काढतं म्हणून कुणीतरी दिलेले. हे थेंब सुरक्षित आहेत का, असं पालक विचारतात. भीती रास्त आहे, पण त्याआधीचा प्रश्न राहून जातो. ज्या आजारासाठी हे थेंब आहेत, तो आजार बाळाला आहे का?

बहुतेक बाळांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असं असतं. आणि मोजक्या बाळांच्या बाबतीत आजार वेगळाच असतो, तिथे थेंब देत बसण्यात वेळ जातो. दोन्ही प्रकार ओळखता यावेत म्हणून हा लेख.

'पित्त' हा शब्द एक, अर्थ तीन

आपण मराठीत पित्त हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आली, की 'पित्त झालं'. ते जठरातलं आम्ल. उलटीत हिरवट-पिवळं कडू पाणी पडलं, की 'पित्त पडलं'. तो यकृतात तयार होणारा पाचकरस. अंगावर खाजरे चट्टे आले, की 'पित्त उठलं'. ती त्वचेची अ‍ॅलर्जी. तिन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत ही सरमिसळ फारशी बाधत नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ती महागात पडू शकते. "पित्त पडलं, आता बरं वाटेल" असं आजी म्हणते, तेव्हा तिच्या डोक्यात मोठ्या माणसाची अ‍ॅसिडिटी असते. पण तान्ह्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे अ‍ॅसिडिटी नव्हे. आतड्याला पीळ पडला असण्याची ती खूण असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो. म्हणून दवाखान्यात आल्यावर 'पित्त' असं न सांगता काय दिसलं ते सांगा. दूध पडलं की पाणी, रंग कोणता होता, किती पडलं, पाजल्यानंतर किती वेळाने पडलं.

गुळणी आणि उलटी

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंची एक झडपेसारखी गाठ असते. ती अन्न खाली जाऊ देते आणि वर येऊ देत नाही. तान्ह्या बाळात ही गाठ मधूनमधून सैल पडते. अन्ननलिका आखूड असते, जठर लहान असतं, आहार पूर्ण पातळ असतो आणि बाळ दिवसातला बराच वेळ आडवं असतं. मग थोडं दूध वर येणारच. त्याला दोष म्हणता येत नाही, ती त्या वयाची रचना आहे.

निम्म्याच्या आसपास बाळं पहिल्या काही महिन्यांत रोज दूध बाहेर काढतात. हे साधारण दोन महिन्यांच्या आत सुरू होतं, चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, बाळ बसायला लागलं आणि वरचं अन्न खायला लागलं की कमी होतं. वर्षाच्या आत दहापैकी नऊ बाळांचं आपोआप थांबतं.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: गुळणी. बाळ ढेकर देतं, ओठांच्या कडेने दूध ओघळतं, दुपटं ओलं होतं आणि बाळ पुन्हा हसत असतं. उलटीत पोट आवळतं, जोर लागतो, बाळ कासावीस होतं. दूध फाटल्यासारखं, दह्यासारखं पडलं तर घाबरू नका. जठरात गेलेलं दूध तसंच होतं.

आम्ल वर आल्यामुळे बाळाला खरोखर त्रास होऊ लागला, वाढ खुंटली, अन्ननलिकेला इजा झाली, तरच त्याला आजार म्हणायचं. नुसत्या गुळणीला नाही.

निदान वजनकाट्यावर सुरू होतं

दूध काढणारं बाळ आलं की मी आधी त्याला काट्यावर ठेवते आणि माता-बालक कार्डावरच्या जुन्या नोंदी पाहते. जन्मानंतर थोडं उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून यावं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वजन वाढावं. साधारण पाच-सहा महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट. वजन या चालीने वाढत असेल, दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि बाळ टवटवीत असेल, तर दिवसातून दहा दुपटी भिजली तरी ते 'सुखी गुळणीचं बाळ' आहे. त्याला तपासण्या नकोत आणि औषधही नको.

मग प्रश्न विचारते. हे कधी सुरू झालं? दर वेळी किती पाजता? बाळ पिताना मध्येच सोडून पाठ ताणून रडतं का? दूध नाकारतं का? शीत रक्ताळलेली, शेंबडासारखी असते का? अंगावर इसब आहे का? आईने दुधाचे पदार्थ खाल्ल्यावर फरक पडतो का? या शेवटच्या तीन प्रश्नांमागे कारण आहे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी हुबेहूब अ‍ॅसिडिटीसारखी दिसू शकते. तशी शंका असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईच्या आहारातून दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पाहतात आणि नंतर ते परत देऊनही पाहतात. स्तनपान थांबवायचं नसतं.

नुसतं रडणं, रात्री जागणं, अंग पिळणं यावरून अ‍ॅसिडिटीचं निदान होत नाही. दीड-दोन महिन्यांचं निरोगी बाळही संध्याकाळी तास-दोन तास रडतं.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

काही वर्षांपूर्वी पाच आठवड्यांचं एक बाळ माझ्याकडे आलं. आजी म्हणाली, "पित्त झालंय मॅडम, थेंब चालू आहेत, पण उतरत नाही." दहा दिवस थेंब चालू होते. काट्यावर वजन तिसऱ्या आठवड्यातल्या नोंदीपेक्षा २०० ग्रॅमने कमी भरलं. मी आईला तिथेच पाजायला सांगितलं. बाळ हावरटासारखं प्यायलं आणि काही मिनिटांत दुधाची पिचकारी पार माझ्या टेबलापर्यंत आली. लगेच पुन्हा भुकेलं. जठराचं खालचं तोंड जाड होऊन बंद होत चाललं होतं. त्याच संध्याकाळी सोनोग्राफीत ते दिसलं. आधी सलाईनने क्षार भरून काढले, मग छोटी शस्त्रक्रिया झाली. आज ते मूल शाळेत जातं. पण आणखी आठवडाभर थेंब चालू राहिले असते तर काय, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढीलपैकी काहीही दिसलं, तर 'पित्त' समजून घरी थांबू नका:

- हिरवी उलटी, कोणत्याही वेळी. रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा, जिथे मुलांचे सर्जन असतील.
- दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची दर पाजण्यानंतर पिचकारीसारखी उलटी.
- उलटीत किंवा शीत रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी.
- वजन न वाढणं किंवा घटणं, लघवी कमी होणं, बाळ मलूल होणं.
- पोट फुगून टणक होणं.
- ताप, झटके, टाळू फुगलेली असणं, डोक्याचा घेर झपाट्याने वाढणं.
- पिताना निळं पडणं, श्वास अडकणं, वारंवार ठसका आणि न्यूमोनिया.
- दूध काढणं सहा महिन्यांनंतर पहिल्यांदा सुरू होणं किंवा दीड वर्षानंतरही चालू राहणं.

यातल्या शेवटच्या खुणेसाठी धावपळ नको, पण बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. मुदतीआधी जन्मलेली बाळं, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं आणि जन्मतः अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झालेली मुलं यांना खरा आजार होण्याची शक्यता जास्त असते. त्यांना वर सांगितलेला 'आपोआप थांबेल' हा नियम सरसकट लावू नका.

कोणती तपासणी काय सांगते

अनेक पालक सोनोग्राफीचा कागद घेऊन येतात. त्यावर लिहिलेलं असतं की दूध जठरातून वर येताना दिसलं. पण ते तर प्रत्येक बाळात येतं! त्या ओळीवरून आजार ठरत नाही. सोनोग्राफीचा खरा उपयोग वर सांगितलेलं जठराचं बंद तोंड शोधायला होतो. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेचंही तसंच. आतड्याच्या रचनेत दोष आहे का, पीळ आहे का, हे त्यात कळतं. अ‍ॅसिडिटी आहे की नाही, हे त्यावरून ठरवत नाहीत.

नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्ल किती वेळा आणि किती वर येतं हे मोजणारी तपासणी असते. ती मोठ्या केंद्रांतच होते आणि लक्षणांचा आम्लाशी संबंध आहे का, असा प्रश्न अडला तरच करतात. दुर्बिणीने अन्ननलिका पाहणं ही पुढची पायरी. त्यासाठी मुलाला गुंगीचं औषध द्यावं लागतं, म्हणून ती पोटविकारतज्ज्ञ ठरवतात. बहुसंख्य बाळांना यातलं काहीच लागत नाही.

औषधांच्या बातम्यांतून काय घ्यायचं

आता त्या बाटलीकडे येऊ. लहान मुलांच्या 'पित्ता'वर आपल्याकडे वर्षानुवर्षं दिलं गेलेलं औषध म्हणजे रॅनिटिडिन. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं की त्यात एनडीएमए हे कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं रसायन आढळलं आहे. साठवणुकीच्या काळात आणि उष्णतेत त्याचं प्रमाण वाढतं, हे लक्षात आल्यावर एप्रिल २०२० मध्ये तिथल्या बाजारातून हे औषध काढायला सांगण्यात आलं. भारतात सप्टेंबर २०२२ मध्ये ते आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळलं गेलं. जुलै २०२५ मध्ये औषध महानियंत्रकांनी राज्यांना कळवलं की उत्पादकांकडून या अशुद्धीवर लक्ष ठेवून घ्यावं. म्हणजे आपल्याकडे बंदी नाही, सावधगिरी आहे. एकेकाळी मीही हे औषध बाळांना लिहून दिलं आहे. तेव्हा ते निरुपद्रवी समजलं जायचं. पूर्वी कधी दिलं असेल म्हणून आज घाबरून जायचं कारण नाही. पण आता ते तान्ह्या बाळाला देण्यासारखं राहिलेलं नाही.

दुसरं नेहमीचं औषध डोम्पेरिडोन. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याच्या धोक्यामुळे २०१४ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. डिसेंबर २०१९ मध्ये ब्रिटनने बारा वर्षांखालील मुलांसाठी त्याची शिफारस काढून घेतली, कारण मळमळ-उलटीवर मुलांमध्ये त्याचा खास उपयोग दिसला नाही.

तिसरा गट आम्ल तयार होणंच थांबवणाऱ्या औषधांचा. ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल ही त्यातली ओळखीची नावं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६२ तान्ह्या बाळांचे दोन गट केले होते. एकाला लॅन्सोप्राझोल दिलं, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव्य. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांना बरं वाटलं होतं. अगदी सारखी टक्केवारी! पण औषध घेतलेल्या गटात छातीच्या जंतुसंसर्गासारखे गंभीर त्रास जास्त झाले. जठरातलं आम्ल जंतूंनाही मारतं, ते कमी केलं की जंतूंना वाट मिळते.

याचा अर्थ ही औषधं वाईट आहेत असा नाही. अन्ननलिकेला सूज किंवा जखम असेल तर तीच औषधं मुलाला वाचवतात. मात्र अंदाजाने देण्याइतकी ती साधी नाहीत. तुमच्या बाळाला तज्ज्ञांनी निदान करून औषध दिलं असेल, तर हा लेख वाचून ते बंद करू नका. कशासाठी आहे, किती दिवस द्यायचं आणि थांबवायचं कसं, हे तीन प्रश्न त्यांना विचारा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेलं असेल, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

'दूध पचत नाही' म्हणून पावडर

या सगळ्यात एक नुकसान औषधाशिवायही होतं. बाळ दूध काढतं, रडतं, मग कुणीतरी म्हणतं, "आईचं दूध पचत नाही, डबा सुरू करा." फेब्रुवारी २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने स्तनपानावर लेखमाला काढली. बाळाचं रडणं, किरकिर, रात्रीची अपुरी झोप या साध्या गोष्टींना आजाराचं रूप देऊन पावडरचं दूध कसं विकलं जातं, हे त्यात मांडलं होतं. भारतात १९९२ च्या कायद्याने अशा दुधाच्या जाहिरातींना बंदी आहे. पण शेजारच्या सल्ल्याला कायदा लागू होत नाही. गुळणी हे आईचं दूध सोडण्याचं कारण नाही.

घरी काय करायचं

- एकदम पोटभर पाजण्यापेक्षा थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. बाटलीने पाजत असाल तर प्रमाण डॉक्टरांकडून तपासून घ्या. अति पाजल्याने गुळणी वाढते.
- मध्ये एकदा आणि शेवटी ढेकर काढा. नंतर २० ते ३० मिनिटं खांद्यावर उभं धरा.
- दूध प्यायल्या प्यायल्या पोट दुमडेल असं झोळीत किंवा कारच्या सीटमध्ये ठेवू नका. लंगोट, डायपर पोटावर आवळू नका.
- झोपवताना पाठीवर आणि सपाट जागीच. पालथं झोपवल्याने गुळणी कमी होते, पण झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. डोक्याखाली उशी किंवा उतार नको. उतरत्या पाळण्यांत बाळं दगावल्यावर अमेरिकेने २०२२ मध्ये ते कायद्याने बंद केले.
- सहा महिन्यांच्या आत दूध घट्ट करायला तांदळाची पेज, नाचणी घालू नका. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको. ग्राइप वॉटर, घुटी यांनी गुळणी थांबत नाही.
- घरात विडी-सिगारेट नको. धुराने अन्ननलिकेची गाठ आणखी सैल पडते.

मोठ्या मुलांत उलटं घडतं

तान्ह्या बाळात नसलेली अ‍ॅसिडिटी आपण शोधतो आणि शाळेतल्या मुलात असलेली नजरेआड करतो. तीन-चार वर्षांचं मूल 'छातीत जळजळतं' असं म्हणत नाही. ते बेंबीजवळ हात ठेवतं, दोन घासांत ताट सरकवतं, तोंडात आंबट आलं की गिळतं. सात-आठ वर्षांनंतर मूल जळजळ नीट सांगू शकतं. झोपल्यावर वाढणारा खोकला, सकाळचा घोगरा आवाज, दातांचं कवच झिजणं यामागेही आम्ल असू शकतं. पण नुसता खोकला म्हणजे अ‍ॅसिडिटी नव्हे, आधी दम्याची शंका तपासायला हवी. आणि पोटदुखीचं जास्त नेहमीचं कारण बद्धकोष्ठ असतं, तेव्हा शी रोज आणि मऊ होते का, हे आधी विचारा.

दोन आठवडे एक वही ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, कधी दुखलं. बऱ्याच घरांत उत्तर वहीतच सापडतं. शाळेतून आल्यावर चिप्स आणि कोला, साडेदहाचं जेवण, समोर मोबाइल आणि जेवल्याबरोबर अंथरूण. जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी आणलं, वजन जास्त असेल तर ते आटोक्यात आणलं, की अनेक मुलांना औषध लागतच नाही. खरी जळजळ राहिली, तर डॉक्टर चार ते आठ आठवडे औषध देऊन पाहतात. फरक पडला तर हळूहळू थांबवतात, नाही पडला तर डोस वाढवत न बसता पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. घास अडकणं, गिळताना दुखणं, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर औषधाचा प्रयोग न करता लगेच तज्ज्ञांना दाखवा.

पुढच्या वेळी येताना

बाटल्या आणा, जरूर आणा. पण त्यांच्यासोबत वजनाच्या नोंदींचं कार्ड आणा, आणि फोनमध्ये बाळाच्या गुळणीचा किंवा उलटीचा छोटा व्हिडिओ. त्यातला रंग आणि जोर पाहून मला कुठल्याही महागड्या तपासणीपेक्षा जास्त कळतं. आणि "यातलं कुठलं चालेल?" याआधी एक प्रश्न विचारा: "मॅडम, माझ्या बाळाला काही देण्याची गरज आहे का?" वजन वाढत असेल, उलटी हिरवी नसेल, बाळ हसत असेल, तर माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. गरज आहे ती आणखी चार धुतलेल्या दुपट्यांची आणि थोड्या महिन्यांच्या धीराची.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाचं निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीनेच ठरवा.*